टेरेन पार्क बांधणीच्या नोंदी: २८० मीटर उतार, दोन उड्या, आठ रेल-बॉक्स

टेरेन पार्क म्हणजे स्कीफील्डवर उड्या आणि रेल-बॉक्ससाठी, म्हणजे ज्यांवरून घसरत जायचे अशा पाइप आणि पेट्यांसाठी, राखलेला उतार. जागा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सेंट्रल ओटागोतले एक मध्यम आकाराचे स्कीफील्ड. उतार दक्षिणमुखी, म्हणजे इथल्या हिशेबाने सावलीचा. लांबी २८० मीटर, रुंदी ४० मीटर, सरासरी कोन १२ अंश. हाताशी एक ग्रूमर (बर्फ लोटणारे आणि दाबणारे ट्रॅकचे यंत्र), बर्फ बनवणाऱ्या तीन फॅन-प्रकारच्या स्नो गन आणि पार्कवर काम करणारी चार माणसे. पार्क नवशिके ते मध्यम कौशल्याच्या स्नोबोर्डर आणि स्कीअरसाठी. सगळे डॉलर न्यूझीलंडचे. नोंदी कामाच्या क्रमाने आहेत. जिथे नियोजन बदलले तिथे जुने आकडेही ठेवले आहेत, कारण पुढच्या माणसाला तेच जास्त उपयोगी पडतील.

१८ मार्च. मातीकाम

मूळ आराखड्यात एकाखाली एक तीन उड्या होत्या: ६, ७ आणि ८ मीटर टेबलाच्या. लिप म्हणजे माणूस जिथून हवेत जातो तो वर वळलेला चढ आणि त्याची कड, लँडिंग म्हणजे तो जिथे उतरतो तो उतार. टेबल म्हणजे लिपपासून लँडिंगच्या सुरुवातीपर्यंतचा सपाट भाग. टेबल संपून उतार जिथे सुरू होतो त्या कडेला पुढे सगळीकडे ‘खांदा’ म्हटले आहे.

प्रत्येक उडीच्या टेबल-लँडिंगखाली मातीचा गाभा भरला. खांद्याखाली गाभ्याची उंची १.९ मीटर आणि त्यावर ९० सेंमी बर्फ येईल असा हिशेब. एका गाभ्यामुळे साधारण १५० घनमीटर बर्फ वाचतो. स्नो गनच्या भाषेत हे प्रत्येकी अडीच तासांचे उत्पादन, म्हणजे फार मोठी बचत नाही. गाभ्याचा खरा फायदा वेगळा आहे: पाऊस पडला तरी लँडिंगचा आकार बसत नाही, आणि ग्रूमर चालवणाऱ्याला दर रात्री कोन नव्याने शोधावा लागत नाही.

१४ टनी एक्स्कॅव्हेटर, चालकासह ३० तास. इथला खडक शिस्ट, पत्र्यासारखा थरांनी सुटतो. त्याचे तुकडे भरावात चालतात, पण वरच्या ३० सेंमीत एकही धारदार तुकडा ठेवायचा नाही. हंगामाच्या शेवटी बर्फ पातळ होतो तेव्हा टिलरचे (ग्रूमरमागच्या, बर्फ फोडणाऱ्या फिरत्या रुळाचे) दात त्यावरच तुटतात. भराव ३० सेंमीच्या थरांनी टाकून प्रत्येक थर दाबायचा. मधल्या गाभ्याला घाईत हे केले नाही आणि दोन पावसांत तो २० सेंमी बसला. परत माती आणून दाबावी लागली. त्यात पाच तास गेले, वरच्या ३० तासांत ते धरले आहेत.

टसॉक गवताची ढेपे मुळांसकट कापून बाजूला ओलसर ठेवली आणि भरावाच्या बाजूंवर परत लावली. या उंचीवर हे गवत फार हळू वाढते. उघडी माती राहिली तर वसंतातल्या पाण्याने ओघळ पडून गाभाच वाहून जातो.

गाभा म्हणजे उतारावर घातलेला बांधच. त्याच्या वरच्या अंगाला पाणी साठणार हे गृहीत धरून ३० सेंमी खोल चर काढला आणि पाणी डाव्या बाजूने बाहेर सोडले. उजव्या बाजूला चर काढला नाही. त्याची किंमत १७ जुलैच्या नोंदीत आहे.

२ एप्रिल. उडीचे गणित

बहुतेक ठिकाणी आधी लिप बांधतात आणि मग लँडिंग ‘जुळवतात’. आम्ही उलट केले. आधी लँडिंगचा कोन आणि लांबी ठरवली, त्यावरून वेग, आणि वेगावरून धाव, म्हणजे लिपपर्यंत घसरत येण्याचे अंतर. वरच्या उडीचे आकडे असे:

लिपचा कोन आडव्या रेषेच्या वर १५ अंश. टेबल ६ मीटर, लिपपासून खांद्यापर्यंत अर्धा मीटर उतरते. लँडिंग २४ अंश, आडव्या मापाने १० मीटर. उताराच्या पृष्ठभागापासून लिप १.५५ मीटर आणि खांदा २.३ मीटर उंच.

हवेचा अडथळा सोडून प्रक्षेपाचे साधे सूत्र लावले की खांदा जेमतेम ओलांडायला लिपवर ३४ किमी/तास वेग लागतो. खांद्यापुढे २ मीटरवर, म्हणजे उतरण्याच्या उत्तम जागी, ३५. खांद्यापुढे ६ मीटरवर उतरायला ३९. लँडिंगच्या अगदी तळाशी ४३.५. वेग ताशी एका किलोमीटरने वाढला की माणूस मीटरभराहून अधिक पुढे जातो. म्हणून लँडिंगची लांबी ही चैन नव्हे. एकाच सकाळी, एकाच खुणेवरून सुटलेल्या दोन माणसांच्या वेगात ३-४ किलोमीटरचा फरक सहज पडतो.

आदळण्याचा जोर ‘समतुल्य पतन-उंची’त मोजतात: सपाट जमिनीवर तेवढ्या उंचीवरून सरळ खाली पडल्याइतका आघात. उत्तम जागी उतरले तर ही उंची फक्त ११ सेंमी येते. वेग कमी पडून माणूस टेबलावरच ५ मीटरवर उतरला तर ४३ सेंमी. गुडघ्यांना झटका बसतो, पण निभावते. वेग जास्त होऊन लँडिंग ओलांडून पुढच्या सपाटीवर पडला तर हीच उंची ४ मीटरच्या वर जाते. म्हणजे इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून उडी. या तीन आकड्यांवर पुढचे सगळे निर्णय झाले. कमी पडलेला माणूस उठून पुन्हा वर जातो, जास्त गेलेल्याला गस्तीपथक स्लेजवरून खाली नेते.

५ मे. रेल आणि बॉक्स

चार रेल, चार बॉक्स. रेलसाठी ११४ मिमी बाह्य व्यासाचा, ५ मिमी जाडीचा पोलादी पाइप, ६ मीटर लांब. नुसत्या पाइपचे वजन ८१ किलो, पाय आणि तळपट्ट्यांसह १५०. पातळ पाइप स्वस्त पडतो, पण ग्रूमरच्या ब्लेडचा एक धक्का लागला की त्याला पोचा पडतो आणि पोचा पडलेली रेल भंगारात जाते.

वेल्डिंगचा प्रत्येक टाका ग्राइंडरने सपाट केला. नख अडकले तर बोर्डची कड नक्की अडकते. पाइपची दोन्ही तोंडे गोल टोपीने बंद केली आणि वरच्या बाजूचे टोक खाली वाकवून बर्फात गाडले जाईल असे ठेवले. उघडे टोक समोर असणारी रेल कधीही लावू नये, कितीही लहान असली तरी. दोन पायांमधली फटही पत्र्याने बंद केली, नाहीतर पडलेल्याचा हात किंवा पाय तिच्यात शिरतो.

घसरणीच्या पृष्ठभागाला रंग नाही. बाकी सगळ्याला पांढरा. पहिल्या दोन रेलचे पाय काळे रंगवले होते. उन्हात काळे पोलाद तापते, पायाभोवती बर्फाची पोकळी होते आणि दोन दिवसांत रेल डुलू लागते.

बॉक्सवर १२ मिमी एचडीपीई, म्हणजे कडक प्लास्टिकचे तक्ते. यातली चूक महाग पडली म्हणून सविस्तर. एचडीपीई थंडीत खूप आकसते. २.४ मीटरचा तक्ता कार्यशाळेतल्या २० अंशांवरून डोंगरावरच्या उणे १० वर गेला की साधारण १२ मिमीने आखडतो, आणि पोलादी सांगाडा त्या मानाने जवळजवळ तसाच राहतो. पहिल्या बॉक्सचे सगळे स्क्रू गोल भोकांत आवळले होते. चाचणीसाठी शीतगृहात एक रात्र ठेवल्यावर चार स्क्रूंची डोकी तक्त्यातून निघाली आणि एका कोपऱ्याला चीर गेली. दुरुस्ती: प्रत्येक तक्त्याची फक्त वरची कड पक्की. बाकी भोके उताराच्या दिशेने लांबट, २० मिमीची, आणि स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या ३ मिमी खाली.

दोन तक्त्यांमधला सांधा ४५ अंशांत तिरका कापायचा. आडवा सांधा बोर्ड आडवा करून घसरताना त्याच्या धारेला समांतर येतो आणि १२ मिमीची फट बोर्ड जागीच थांबवते. तिरक्या सांध्यावर धार एका वेळी एकाच बिंदूवर असते.

६ जून. बर्फ बनवणे

पूर्ण पार्कला ५० सेंमीचा थर द्यायला ५,६०० घनमीटर बर्फ लागतो, त्यावर उड्या. नैसर्गिक बर्फ आला तो सुमारे २० सेंमी, तोही हलका. दाबल्यावर त्याचे ६-७ सेंमीच उरतात, म्हणून तो हिशेबात धरला नाही.

स्नो गन हवेच्या तापमानावर चालवायची नसते, ओल्या बल्बच्या तापमानावर (ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरचे तापमान; हवा जितकी कोरडी तितके ते हवेपेक्षा कमी) चालवायची असते. उणे २.५ ला सुरू करता येते, पण बर्फ लापशीसारखा येतो. उणे ४-५ खाली काम खरे. इथली हवा कोरडी असते हा मोठा आधार आहे: हवा शून्य अंशावर आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर ओला बल्ब उणे ४ च्या आसपास असतो, म्हणजे पाणी न गोठणाऱ्या हवेतही बर्फ बनतो. तीन गन मिळून सरासरी ६० घनमीटर ताशी पडले. थंडीचे सगळे पट्टे धरून ९३ तासांहून अधिक लागले.

गन एका जागी ठेवून उंच ढीग केले. सगळ्या उतारावर पातळ पसरण्यापेक्षा ढीग चांगला: ऊन आणि वारा कमी पृष्ठभागाला लागतात.

१४ जून. ढीग ढकलणे

एक ढीग गन बंद केल्यावर लगेच ढकलला. आत पाणी होते. ब्लेडने लोटलेला बर्फ रात्रीत गोठून डोक्याएवढे गोळे झाले आणि ते फोडायला टिलरच्या चार फेऱ्या लागल्या. बाकीचे ढीग ३६ तास निथळू दिले. मुठीत दाबलेला गोळा हाताला पाणी सोडत नाही, तेव्हा ढीग ढकलायला तयार.

ढकलताना थर ३० सेंमीपेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थरावर ट्रॅकने दोनदा जायचे. एकदम दीड मीटर लोटून वरून दाबले तर आत पोकळ राहते. वरून लोखंडासारखी दिसणारी लिप तिसऱ्या दिवशी मध्येच खचते.

१९ जून. लिप

लिपचा वक्र १० मीटर त्रिज्येचा, आणि शेवटचा एक मीटर पूर्ण सरळ. हा सरळ तुकडा विसरणे ही नव्या पार्कमधली सर्वांत धोकादायक चूक आहे. वक्र अगदी कडेपर्यंत गेला तर माणूस हवेत जाताना फिरतच जातो. ३५ किमी वेगाला १० मीटरच्या वक्रावर शरीर सेकंदाला सुमारे ५६ अंश मागे वळत असते. हवेतला वेळ साधारण ०.८५ सेकंद, म्हणजे उतरेपर्यंत तो ४७ अंश मागे कललेला असतो. त्याला वाटते आपला तोल गेला, प्रत्यक्षात लिपने त्याला फेकलेले असते.

पहिला वक्र ८ मीटरचा केला होता, कारण बर्फ कमी लागतो. चाचणीला गुडघे आपोआप वाकत होते. १० मीटरवर शरीरावरचा जादा भार जवळपास शरीराच्या वजनाइतकाच राहतो, तो नवशिक्याला पेलतो.

आकार मोजायला प्लायवूडचा साचा: २.४ मीटर लांब, खालची कड १० मीटर त्रिज्येने कापलेली. शिवाय १.२ मीटरची सरळ फळी आणि तिच्यावर डिजिटल कोनमापक. ग्रूमरने ढोबळ आकार, मग रेकने हाताने. ग्रूमरच्या ब्लेडने शेवटचा सेंटीमीटर काढायला जाऊ नये. दोन वेळा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा लिपचा एक कोपरा गेला. डावी-उजवी उंची दोरी ताणून तपासायची. ३ सेंमीचा फरकही हवेत माणसाला एका बाजूला झुकवतो.

२२ जून. वेगाची चाचणी

रडार गन लिपच्या पायथ्याशी, सोडण्याची खूण वक्राच्या ४० मीटर वर. वळण न घेता, बोर्ड सरळ सोडून. सकाळी आठला कडक बर्फावर लिपचा वेग ३९. अकराला ३५, म्हणजे हवा तितका. दुपारी दोनला ओल्या बर्फावर २५, म्हणजे माणूस टेबलाच्या मध्यावर.

उतार तोच, माणूस तोच, धाव तीच. ३५ चा वेग कायम ठेवायचा तर खूण सकाळी ३३ मीटरवर आणि ओल्या दुपारी ७२ मीटरवर हवी. ७२ मीटर आमच्याकडे नाहीत. वर प्रवेशाच्या कमानीपर्यंत एकूण ६४ मीटर आहेत. म्हणून नियम ठरला: पार्कवरचा माणूस दर दोन तासांनी स्वतः चाचणी देतो, केशरी खुंट त्याप्रमाणे वर-खाली हलवतो, आणि अगदी कमानीपासून सुटूनही ३३ च्या खाली वेग आला तर उडी बंद. पार्क उघडा ठेवून ‘जपून जा’ अशी पाटी लावण्याला अर्थ नाही. नवशिका पाटी वाचून वेग आणखी कमी करतो आणि टेबलावर आपटतो.

२४ जून. मधली उडी रद्द

वरच्या उडीवर नीट उतरलेला माणूस २४ अंशांच्या लँडिंगच्या तळाशी पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ४८ च्या आसपास असतो. मधल्या उडीला ३७-३८ पुरतो. हे जादा १० किलोमीटर घालवायला सुमारे ४० मीटर पूर्ण सपाट जागा लागते, आणि १२ अंशांच्या उतारावर सपाट जागा बनवणे म्हणजे तेवढाच मोठा भराव. कागदावर हे दिसायला हवे होते. आम्ही प्रत्येक उडी वेगळी मोजली होती, दोघींच्या मधला भाग नाही.

आधी मधल्या टेबलाची लांबी वाढवून पाहण्याचा विचार झाला. पण ती उडी ४८ ला बसवली की वरची न घेता बाजूने येणारा माणूस तिच्यावर हमखास तोकडा पडणार. म्हणून मधली उडी काढली. तिच्या जागी दोन बर्म, म्हणजे बाहेरच्या अंगाला उचललेली वळणे. दुसऱ्या बर्मची भिंत तयारच होती: मधल्या उडीचा मातीचा गाभा तिच्या पोटात गेला. वळणांमधून बाहेर पडताना वेग १५ च्या आसपास स्थिरावतो, वरची उडी कशीही घेतलेली असो. तिथून खालच्या उडीच्या वक्रापर्यंत ४४ मीटर सरळ धाव मिळते आणि लिपवर ३९-४० वेग येतो. ८ मीटर टेबलाला ४० च लागतो.

ग्रूमरचे सहा तास आणि एक पूर्ण रात्र गेली. तरी पार्क आधीपेक्षा चांगला झाला. दुसऱ्या उडीवर येणारा प्रत्येक जण जवळपास सारख्या वेगाने येतो, आणि ते तीन उड्यांच्या रांगेत कधीच साधले नसते.

२६ जून. रेल बसवणे

पायांसाठी ४५ सेंमी खोल खाच. खाच फावड्याने नव्हे, मोठ्या दातांच्या करवतीने कापायची, म्हणजे कडा उभ्या राहतात. रेल ठेवून खाचेत बर्फ भरायचा, पायाने दाबायचा, प्रत्येक पायाला अर्धी बादली पाणी, आणि एक रात्र हात लावायचा नाही. सूर्यास्ताच्या आत लावलेली एक रेल रात्री गोठण्याआधीच कोणीतरी हलवून पाहिली आणि ती हंगामभर सैल राहिली, शेवटी काढून परत बसवली.

रेलचा उतार डोंगराच्या उतारापेक्षा २-३ अंश कमी, म्हणजे टोकाला आपोआप छोटा उतारा मिळतो. चढायचा बर्फाचा रॅम्प रेलच्या माथ्याला टेकलेला आणि रेलपेक्षा दोन्ही बाजूंना ५० सेंमी रुंद.

गुलमर्ग, औली किंवा सोलांगला ज्यांच्या हाताशी ग्रूमर नाही त्यांनी उडीच्या मागे न लागता इथून सुरुवात करावी. ८ ते १० अंशांचा, ६० मीटर लांब उतार, तीन अडथळे: ३० सेंमी उंच रुंद बॉक्स, मग अरुंद बॉक्स, मग रेल. एका रॅम्पला अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, टोकाला ४० सेंमी इतका भराव, म्हणजे एक घनमीटर दाबलेला बर्फ. सुक्या ताज्या बर्फाचे त्यासाठी चार-पाच घनमीटर ओढावे लागतात. चार माणसे, चार फावडी, एक सकाळ. काश्मीरचा जानेवारीतला बर्फ कोरडा असतो आणि नुसता दाबून चिकटत नाही. बुटांनी तुडवायचा, पाणी शिंपडायचे, संध्याकाळी सोडून द्यायचे. रॅम्पच्या कडा दुसऱ्या दिवशी कापायच्या, त्याच दिवशी नाही. बॉक्सची वरची बाजू उताराला समांतर, आणि दोन अडथळ्यांत किमान १५ मीटर.

२८ जून. उघडले

कमानीवर आकाराची पाटी, लहान आणि मध्यम. लिपच्या कडेवर आणि खांद्यावर निळ्या रंगाची रेघ, पाण्यात मिसळलेला रंग पाठीवरच्या पंपाने फवारून. ढगाळ प्रकाशात पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही, ही रेघ एवढाच आधार असतो. गस्तीच्या स्लेजसाठी डाव्या बाजूला ५ मीटरची मोकळी पट्टी, तिच्यावर कोणताही अडथळा नाही. बंद करताना कमानीला दोरी आणि प्रत्येक लिपवर बांबूची फुली. दोरी ओलांडून येणारे येतात, लिपवरची फुली पाहून थांबतात.

९ जुलै. लिपची झीज

दुपारी चारला लिपचा कोन मोजला: १९ अंश. सकाळी १५ होता. बोर्ड वक्राच्या तळाशी खोदत जातात आणि उकरलेला बर्फ कडेवर साचतो. ४ अंशांचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ३५ च्या वेगाला माणूस ८ मीटरऐवजी सुमारे १० मीटरवर उतरतो, आणि सरळ तुकडाही वक्र झालेला असतो. तेव्हापासून दिवसात तीनदा कोनमापक लावतो. १७ अंश दिसले की दहा मिनिटे बंद करून रेक. कडेवरचा बर्फ खाली ओढायचा, तळातल्या खळग्यात भरायचा आणि बोर्डच्या तळाने दाबायचा. कडेवर नवा बर्फ कधीच चढवायचा नाही.

१७ जुलै. वायव्येचा वारा

इथला वायव्य वारा उबदार आणि जोरदार येतो, पाठोपाठ पाऊस. रात्रभर पडला. डावीकडचा चर चालला. उजवीकडून आलेले पाणी खालच्या उडीच्या गाभ्यामागे साठले, बर्फाखालून वाट काढून वक्राच्या तळातून बाहेर आले आणि लिपखाली दीड मीटर लांबीची पोकळी झाली. वरून काहीच दिसत नव्हते. बांबूची काठी खुपसून पाहिली तेव्हा कळले.

लिप पूर्ण तोडली. वरून बर्फ भरून पोकळी बुजवली असती तर पुढच्या उबदार दिवशी तीच वाट परत उघडली असती. उजवीकडे बर्फातच जमिनीपर्यंत चर कापला आणि २०० मिमीचा प्लास्टिक पाइप टाकून पाणी पार्कबाहेर नेले. दक्षिणेचा थंड वारा फिरल्यावर दोन रात्रींत लिप नव्याने बांधली. चार दिवस खालची उडी बंद. मार्चमध्ये हा चर एक्स्कॅव्हेटरने दोन तासांत झाला असता.

लँडिंगचा आकार मात्र गाभ्यामुळे जसाच्या तसा राहिला.

पावसानंतर पहिल्या गोठलेल्या सकाळी पार्क उघडू नये. पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि ४० मीटरच्या खुणेवरून ४२-४३ वेग मिळतो. टिलरची खोली ८-१० सेंमी ठेवून एक फेरी, दोन तास थांबणे, मग चाचणी.

२३ जुलै

किया पोपटांनी खांबांवरच्या फोमच्या गाद्या फाडल्या, दोन कोनमापकांची रबरी बटणे खाल्ली. गाद्यांवर आता जाड पीव्हीसी ताडपत्री, शिवण आतल्या बाजूने. उपकरणे रात्री पत्र्याच्या पेटीत. खायला घालून त्यांना दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न करू नये, ते अधिक येतात.

१२ ऑगस्ट. मीठ

दुपारचे ऊन लागू लागले. जाडे मीठ, लिपच्या ३० चौरस मीटरला एक किलो, सकाळी बर्फ नुकता ओलसर होताना. मीठ थोडा बर्फ वितळवते, त्यासाठी लागणारी उष्णता आसपासच्या ओल्या बर्फातून ओढली जाते आणि तो घट्ट गोठतो. म्हणून बर्फात आधी ओल हवी. कोरड्या थंड बर्फावर टाकलेले मीठ नुसते पडून राहते. एक दिवस ते ‘काम करत नाही’ म्हणून दुप्पट टाकले गेले. दुपारी सगळे एकदम विरघळून लिपची कड चाळणीसारखी झाली.

परिणाम तीन-चार तास टिकतो. फक्त लिप आणि लँडिंगचा वरचा तिसरा भाग. सगळीकडे टाकले तर खर्च, आणि खालच्या टसॉकला मिठाचे पाणी. रेलजवळ अजिबात नाही, गंज लागतो.

३० ऑगस्ट. खर्च

बांधणी: एक्स्कॅव्हेटर ४,८००. पोलाद आणि एचडीपीई ७,४००. वेल्डिंगची मजुरी ५,२००. बर्फ बनवण्याची वीज आणि पाणी ९,६००. उघडण्याआधीचे ग्रूमरचे ४६ तास, तासाला ३०० प्रमाणे १३,८००. पाट्या, दोऱ्या, बांबू, रंग २,१००. एकूण ४२,९०० डॉलर.

देखभाल: दर रात्री ग्रूमर दोन तास, म्हणजे ६००. ९० दिवसांच्या हंगामाला ५४,०००, आणि रेक मारणाऱ्या माणसांचा पगार वेगळा. देखभालीचा खर्च बांधणीपेक्षा जास्त आहे, आणि व्यवस्थापनाकडे मंजुरीला जाताना बहुतेक जण फक्त पहिला आकडा नेतात. मग ऑगस्टमध्ये ग्रूमरचे तास कापले जातात, लिप १९ अंशांवर राहते आणि लोक जखमी होतात. रात्रीचे दोन तास मिळणार नसतील तर उड्या बांधू नयेत, रेल-बॉक्सच ठेवावेत.

२९ सप्टेंबर. काढणी

जमिनीवर ४० सेंमी बर्फ शिल्लक असतानाच रेल काढायच्या. उशीर झाला की ग्रूमर मातीत रुततो आणि टसॉक उखडते. पाय गोठलेले असतील तर ओढायचे नाही, भोवताली करवतीने कापून गरम पाणी ओतायचे. एका रेलचा पाय साखळीने ओढताना वाकला, दुरुस्तीला २८० डॉलर.

बॉक्सचे तक्ते स्क्रू सैल करून ठेवले, उन्हाळ्यात ते परत लांबतात. रेलला तेलाचा हात. मातीच्या गाभ्यांच्या कोपऱ्यांवर पोलादी खुंट ठोकले आहेत, लिपची मध्यरेषा आणि खांद्याची रेषा त्यांवरून निघते. खालच्या उडीच्या उजवीकडचा चर ३० सेंमी खोल, १८ मीटर लांब आखून चुना टाकला आहे. एक्स्कॅव्हेटर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येणार.